चारशे बारावं

कुताइसीत, नदीपासून दोन गल्ल्या आत, एका तळघरात
मुरमानचं यंत्र येरझारा घालतं.
पिवळट हिरवी पाटी, वर तांब्याचा पातळ पदर,
तिच्यात पाडायची चारशे बारा भोकं,
बहुतेक सगळी मिलिमीटरला थोडी कमीच.
लिफ्टच्या नाणेपेटीची पाटी आहे ही.
आमच्या इमारतींत नाणं टाकल्याशिवाय
पाळणा हलत नाही,
वर चढायलाही सुटे पैसे लागतात.

नकाशा काढणाऱ्याला जसं सुचत गेलं
तसा भोकांचा क्रम.
ड्रिल या कोपऱ्यात एक टोचतं,
त्या कोपऱ्यात जाऊन एक,
पुन्हा इकडे, पहिल्याच्या अगदी शेजारी.
काखेत कळसा आणि पाटीभर वळसा.
एका पाटीमागे अठ्ठावीस मीटर पायपीट,
तीही हवेत.

मी एक नियम लिहिला, सोपा:
आहेस तिथून सगळ्यात जवळचं भोक.
ते झालं की तिथून सगळ्यात जवळचं.
मुरमान म्हणाला, एवढं तर माझी कोंबडीही करते.
पण अठ्ठावीसचे अडीच मीटर झाले,
तासाची पाटी अठरा मिनिटांत उतरली,
तेव्हा काही न बोलता
त्यानं माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

मी पाहत बसले.
ड्रिल शेजारधर्म पाळत चाललं होतं,
एका रांगेतल्या पिना, हातासरशी रिलेचे पाय,
धूळ पांढरी, घशात टोचणारी.
चारशे अकरा झाली
आणि ते उचललं गेलं, वर, खूप वर,
आख्खी पाटी ओलांडून रिकामं निघालं
डाव्या कोपऱ्याकडे.
तिथं एक राहिलं होतं.
पहिल्याच मिनिटाला त्याच्या जवळून गेलं होतं ते,
चार मिलिमीटरवरून.
तेव्हा दुसरं कुणीतरी साडेतीनवर होतं.

लांबचं राहत नाही.
लांबच्याचं तिकीट काढलेलं असतं, तारीख ठरलेली असते.
राहतं ते जवळचं,
ज्याच्याहून अर्ध्या मिलिमीटरनं
नेहमीच काहीतरी अधिक जवळ असतं.

एतेरी समोरच्या इमारतीत राहते, नवव्या मजल्यावर.
झाळकाम तिनं शिकवलं मला,
माझं बोट भाजलं तेव्हा स्वतःच्या तोंडात धरलं होतं.
तिचे गुडघे गेलेत. लिफ्ट वसंतापासून बंद.
तिच्या खिडकीतला दिवा मला रोज दिसतो
दुकानाचं कुलूप लावताना,
आणि रोज मी आधी पाव घेते,
मग पावाच्या दुकानापासून घरच जवळ पडतं.

रात्री बसून दुसरा नियम लिहिला.
जिथं वाट वाटेला छेदते
तिथली गाठ सोडव, उलटी करून पाहा,
आखडली तर ठेव.
काही पावलं त्यानं मुद्दाम लांबची टाकली,
आणि एकूण वाट दोन मीटरांवर आली.
मुरमान झोपला होता. सांगायला कुणी नव्हतं.

सकाळी मी नऊ जिने चढले.
खिशात पाटी होती, पण जुन्या नियमाची,
नवी अजून यंत्रावरच.
एतेरीनं ती खिडकीकडे धरली, पूर्वीसारखी.
तिच्या सुरकुत्यांवर चारशे बारा ठिपके उजेडाचे.
मग पालथी केली, अंगठा फिरवला,
डाव्या कोपऱ्याशी थांबला.
हे शेवटी पाडलंस, म्हणाली.
पोलादी ड्रिल, स्वस्तातलं,
काचेचे तंतू त्याची धार खातात;
शेवटच्या भोकाच्या काठाला कूस राहते.

हो, म्हटलं मी.
तिनं नखानं ती कूस खरवडली,
जराशी फुंकर मारली,
पुन्हा डोळ्याला लावलं.
आरपार आहे, म्हणाली. चालेल.
आणि ते दार लाव आधी, वारा येतो.